पस्तीस बरोबर, पंधरा चूक

जबलपुरात मदन महल स्टेशनच्या मागच्या बाजूला मुलींचं एक वसतिगृह आहे. सकाळी साडेसहाला त्याच्या मेसमध्ये जो गलका असतो, तो पाहिल्याशिवाय जया किती कामाची बाई आहे हे कळायचं नाही. तीन मजले, मजल्यागणिक अठ्ठावीस मुली. कॉलेजच्या डब्यात कोणी दोन फुलके नेते, कोणी तीन. कोण किती नेणार हे नावानिशी लिहून पाठवायचा मुलींना कंटाळा. म्हणून फार पूर्वीपासून तिथे एक रीत पडून गेली आहे. मजल्यावरची एक मुलगी सगळ्यांना विचारते आणि जिन्यावरून ओरडून एकूण आकडा तेवढा खाली सांगते. 'दीदी, दूसरी मंजिल, सड़सठ.'

फुलके लाटणाऱ्या बायांना तेवढं पुरतं. डबे मांडणारीला पुरत नाही. तीनवालीला मोठा डबा लागतो, दोनवालीला छोटा, आणि सदुसष्ट या आकड्यात दोघीही लपलेल्या.

जया हातातलं काम न थांबवता म्हणायची, "अकरा मोठे, सतरा छोटे."

तिची युक्ती साधी होती. मनातल्या मनात सगळ्यांना दोन-दोन वाढून टाकायचे. अठ्ठावीस जणी, छप्पन्न फुलके. उरले अकरा. हे उरलेले एकेक करून कोणाच्या तरी डब्यात पडणार, तेव्हा मोठे डबे अकरा. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. काटोलकडच्या खेड्यात नववीपर्यंत शाळा होती, दहावीला पलीकडच्या गावी जावं लागे, म्हणून ती नववीवर घरी बसली आणि पुढे लग्न होऊन जबलपूरला आली. पण सात वर्षांत एकदाही डबा कमी पडला नाही की जास्त झाला नाही. भांडारातली डाळ, तांदूळ, गॅसचे सिलिंडर, बायांच्या पाळ्या, सगळं तिच्याच हाताखाली. कागदावर ती मेसची मदतनीस होती. प्रत्यक्षात मेस तीच चालवत होती.

मग वसतिगृहावर नवी कमेटी आली. जानेवारीत वसतिगृहाच्या वॉर्डन रश्मी मॅडमनी तिला ऑफिसात बोलावलं. मॅडम वाईट नव्हत्या.

"जया दीदी, मुझे पता है सब आप ही करती हैं," त्या म्हणाल्या. "पर कमेटी ने हर पद का कागज़ बना दिया है. मेस प्रभारी के लिए दसवीं पास लिखा है. आप तो दे रही थीं ना परीक्षा?"

"चार विषय निकल गए मैडम. एक बाकी है."

"तो बस. जून तक मार्कशीट ले आइए. नहीं तो वो लोग बाहर से रख लेंगे, मेरे हाथ में नहीं रहेगा."

तो एक बाकी विषय गणित होता. मुक्त शाळेतून जयानं दहावीचा फॉर्म भरला होता. हिंदी, मराठी, सामाजिक विज्ञान, गृहविज्ञान पहिल्या झटक्यात निघाले. गणितात मात्र ती तीनदा नापास झाली होती. एकोणीस, चोवीस, बावीस. लागायचे तेहतीस. आता एप्रिलची परीक्षा ही जूनच्या आधीची शेवटचीच.

अडायचं नेमकं एका धड्यापाशी. दोन गोष्टी माहीत नसतात, त्यांच्याबद्दल दोन बातम्या दिलेल्या असतात. एकीला एक्स मानायचं, दुसरीला वाय, दोन बातम्यांची दोन समीकरणं मांडायची, एक अक्षर उडवायचं, दुसरं सापडतं. दरवर्षी या धड्याला मार्क भरपूर, आणि दरवर्षी जयाचे मार्क तिथेच जात.

शिकवायला घरातच मास्तरीण होती. मुलगी सुखदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. मराठी तिला सगळं कळे, पण तोंडातून यायची ती हिंदी-मराठीची खिचडी. चेरीतालच्या त्यांच्या दोन खोल्यांत संध्याकाळी सातला पलंगावर वही उघडली जाई. पलीकडे गणपत, जयाचा नवरा, फॅक्टरीतून येऊन चहा पीत बसलेला असे.

"सवाल सुन, आई. एका आवारात साइकिल आणि ऑटो मिळून बीस. चाकं कुल अड़तालीस. साइकिल कितनी, ऑटो कितने?"

"आठ ऑटो, बारा सायकली."

सुखदाचं पेन्सिल धरलेलं बोट वरच राहिलं. "कैसे?"

"सगळ्यांना दोन-दोन चाकं लावून दिली. चाळीस झाली. आठ उरली, ती ऑटोची."

"अच्छा. आणि लिहिलं कुठे?"

"त्यात लिहायचं काय? दिसून राहिलं ना समोर."

"तुला दिसतंय. एग्ज़ामिनर को नहीं दिखता. त्याला समीकरण चाहिए. लिख, माना कि साइकिलों की संख्या एक्स."

"काहून मानू? बारा आहेत."

"तुझे नहीं पता कि बारा हैं."

"पण माहीत आहे ना."

गणपत कपातून तोंड न काढता म्हणाला, "अगं मान ना एकदाचं. लग्नात मला नाही मानलंस?"

"तुम्हाला मानलं म्हणूनच तर ह्या वयात वही घेऊन बसली," जया म्हणाली. तिघंही हसली. जयानं लिहिलं, माना कि एक्स. मग पेन्सिल चावत बसली. मग खाली लिहिलं: एक्स बरोबर बारा, वाय बरोबर आठ, म्हणून एक्स अधिक वाय बरोबर वीस.

सुखदानं कपाळाला हात लावला. "उलटं, आई. घर बांधून झाल्यावर पाया खोदून राहिली तू."

नवल म्हणजे रागाच्या भरात ती थेट आईच्याच बोलीत बोलली होती. पण तीनही वर्षी जयानं पेपरात हेच केलं होतं. उत्तर आधी यायचं, मग त्या उत्तराला शोभेलसं काहीबाही वर मांडायचं. तपासणाऱ्याला वाटे, बाईनं शेजारणीचं पाहून लिहिलं.

फेब्रुवारीत सुखदानं कडक नियम केला. "आजपासून दिमाग बंद. उत्तर मनात आलं तरी बघायचं नाही. सिर्फ स्टेप. समझी?" एका कागदावर तिनं मोठ्या अक्षरांत चार पायऱ्या लिहिल्या आणि तो स्वयंपाकघरात, मसाल्याच्या फळीखाली चिकटवला. माना. दोन समीकरणं. वाय दोन्हीकडे सारखा करून वजा करा. एक्स सापडला की वरच्या समीकरणात ठेवा. एकदा कधीतरी तिनं हेही सांगितलं होतं की वायच्या आधी एकीकडे अधिक आणि दुसरीकडे उणे असेल तर वजा नाही, बेरीज करायची. त्या दिवशी जया पहाटे पाचपासून उभी होती. मान हलवता हलवता तिचा डोळा लागला. सुखदानं अंगावर चादर टाकली आणि दिवा मालवला. त्या पानावर पुन्हा यायचं राहून गेलं.

पण जया शिकली. हे सांगितलं पाहिजे, कारण नंतर सगळ्यांनी तिला बिचारी म्हटलं. चाळीस ओलांडलेली बाई, दिवसाचे दहा तास उभी, तिनं शंभर पानी वही भरली. मजल्यागणिक मुली, बसमधल्या बायका-पुरुष, नर्मदेतली नाव धारेबरोबर आणि धारेविरुद्ध, आई-मुलीची वयं. प्रत्येकाच्या डोक्यावर माना कि. उत्तर मनात डोकावलं की ती लगेच दुसरीकडे बघायची, जसं पाहुण्यांसमोर लुडबुडणाऱ्या पोराला डोळ्यांनी दटावावं तसं. हळूहळू ते डोकावायचं कमी झालं.

मार्चमधल्या एका सकाळी जिन्यावरून आवाज आला, "दीदी, दूसरी मंजिल, इकहत्तर."

जया डब्यांसमोर उभी होती. मोठ्यांच्या थप्पीकडे हात गेला आणि तसाच राहिला. आकडा आला नाही. तिनं पिठाच्या पोत्यावरची चिठ्ठी ओढली, फळीवरची पेन्सिल घेतली आणि लिहायला लागली. एक्स अधिक वाय बरोबर अठ्ठावीस.

फुलके शेकणारी कुंदा तिच्याकडे बघत राहिली. कुंदा नागपूरची, तोंडाची फटकळ.

"काय करून राहिली जयाताई? इंजिनिअर होऊन राहिली का?"

"थांब गं."

"मी थांबते, फुलके थांबत नाही. वातड होऊन राहिले."

लाटणाऱ्या बाया खिदळल्या. जयाला पंधरा मोठे, तेरा छोटे हे उत्तर सापडलं तेव्हा पहिल्या मजल्याच्या मुली दारात येऊन उभ्या होत्या. तिनं चिठ्ठी चुरगळून चुलीपाशी टाकली. संध्याकाळी घरी तिनं हे सुखदाला सांगितलं तर सुखदा खूष झाली. "बस, आई. अब तू सही रास्ते पे है."

जयाला तेव्हा काही बोलायचं होतं. रोज चालायच्या वाटेवर पायरी चुकल्यासारखं वाटलं, असं काहीतरी. पण ते नीट जुळेना, आणि मुलगी आनंदात होती.

परीक्षेचं केंद्र एका शाळेत होतं. गणपतनं अर्धी रजा टाकून तिला स्कूटरवर सोडलं. वर्गात विशीतली पोरंपोरी, दोन-तीन बायका आणि पांढऱ्या मिशांचे एक काका. पेपर हातात आला तसा जयानं आधी तो धडा शोधला. पंधरावा प्रश्न. एका चाचणीत पन्नास प्रश्न होते, मुलीनं सगळे सोडवले. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकलेल्याला एक मार्क कापतात. तिला एकशे पंचवीस मिळाले. बरोबर किती, चूक किती?

किती दटावलं तरी ते आलंच. सगळे बरोबर असते तर दोनशे. एक चुकला की चार जातात आणि वर एक कापतात, म्हणजे पाच गेले. पंचाहत्तर कमी आहेत. म्हणजे पंधरा चुका. पस्तीस बरोबर, पंधरा चूक.

तिनं उत्तरपत्रिकेच्या कडेला बारीक पेन्सिलीनं लिहिलं, ३५, १५. मग दिमाग बंद केला आणि पायऱ्या धरल्या.

माना कि सही उत्तर एक्स, गलत उत्तर वाय. एक्स अधिक वाय बरोबर पन्नास. चार एक्स उणे वाय बरोबर एकशे पंचवीस. समीकरणं सुरेख उतरली. इतकी सुरेख की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. या पायरीपर्यंत ती आधी कधी आलीच नव्हती. आता वाय दोन्हीकडे सारखा, वजा करा. चाळीस वेळा केलेलं. चारातून एक गेला, तीन एक्स. एकशे पंचवीसातून पन्नास गेले, पंचाहत्तर. वाय उडाला, असं तिनं धरलं. एक्स बरोबर पंचवीस. वर ठेवला, वायसुद्धा पंचवीस. पंचवीस आणि पंचवीस पन्नास. बरोबर बसलं.

तिनं कडेला बघितलं. तिथे पस्तीस होतं.

पंख्याखाली पेपर फडफडत होता, त्यावर हात ठेवून ती दोन्ही आकड्यांकडे पाहत राहिली. एकीकडे तिचं आपलं, कुठून आलं ते कोणाला दाखवता न येणारं. दुसरीकडे चार पायऱ्या चढून आलेलं, अक्षरांत मांडलेलं, पुस्तकासारखं. तिनं खोडरबर घेतलं आणि पस्तीस पुसलं. नुसतं खोडलं असतं तरी चाललं असतं, पण तिनं पुसलं, कागदावर खूण राहू नये असं. खाली शाईनं लिहिलं, उत्तर पंचवीस, पंचवीस. आणि त्याखाली रेघ ओढली.

घरी आली तेव्हा सुखदा दारातच होती. "कैसा गया?"

"ह्या वेळी सगळं लिहिलं. पायऱ्या सोडल्या नाही कुठेच."

"वर्ड प्रॉब्लम?"

जयानं सांगितला. चार मार्क, एक कापणार, एकशे पंचवीस. सुखदानं ओठ हलवले असतील-नसतील. "मग? उत्तर काय लिहिलं?"

"पंचवीस, पंचवीस."

पोरीचा चेहरा असा झाला की जयाला दुसरं काही विचारावं लागलं नाही. ती चपला काढून आत गेली, माठातलं पाणी प्यायली आणि पाठमोरीच म्हणाली, "आधी पस्तीस आलं होतं."

"कहाँ?"

"डोक्यात. पेन्सिलीनं कडेला लिहिलंसुद्धा होतं."

"मग?"

"पुसलं. तूच म्हणाली ना, डोकं बंद ठेव."

गणपत तेव्हा स्कूटर लावून आत आला. त्यानं विचारलं, काय झालं, तर दोघीही काही नाही म्हणाल्या.

निकाल जूनच्या पहिल्या आठवड्यात लागला. सुखदानं मोबाइलवर पाहिला. एकतीस. दोन मार्क कमी. पंधराव्या प्रश्नाचं उत्तर बरोबर असतं तर किती मिळाले असते, हा हिशेब सुखदाला दोन सेकंदांत करता आला असता. तिनं तो केला की नाही ते जयाला कधी कळलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही.

"बहुत पास आ गई थी, आई," सुखदा म्हणाली. "चारों बार में सबसे ज़्यादा."

"हो," जया म्हणाली.

रश्मी मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवून ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की कमेटीनं एक बाई पाहून ठेवलीच होती, बीए झालेली. पहिल्या तारखेपासून येईल. "आप कहीं नहीं जा रहीं. आप डिब्बों पर रहेंगी, जैसे थीं. बस उनको पूछ लिया कीजिए." जयानं भांडाराच्या किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. मॅडमना वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "गैस का नंबर लगा दिया है मैडम, परसों आएगा," आणि बाहेर आली.

नव्या बाईंना जिन्यावरून आकडे ओरडणं आवडलं नाही. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मजल्यागणिक रजिस्टर टांगलं. मुलीचं नाव, समोर दोन किंवा तीन. मुली कुरकुरल्या, मग लिहायला लागल्या. आता जयाला काही काढावं लागत नाही. यादीवर बोट फिरवायचं आणि डबे मांडायचे.

"बरं झालं की," कुंदा म्हणाली. "डोक्याचा ताप गेला तुझ्या."

जया हो म्हणाली. त्या दिवसांत ती सगळ्याच गोष्टींना हो म्हणत होती.

जुलैत एका रविवारी दुपारी ती मेथी निवडत बसली होती. सुखदा शेजारी मोबाइलवर ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म उघडून बसली. आता प्रभारीची जागा गेली असली तरी दहावी होऊन गेलेली बरी, असं गणपतचं म्हणणं होतं. सुखदा वाचत होती, वाचता वाचता थांबली. पान वर केलं, खाली केलं.

"आई, इसमें लिखा है सब्जेक्ट बदल सकते हैं."

जया देठ खुडत राहिली.

"मैथ्स कम्पल्सरी है ही नहीं. कोणतेही पाच पाहिजेत. दूसरा कुछ ले लेती तो कब की पास हो जाती. जूनच्या आधी... आई, हे आधी कोणी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं."

"किसने?"

"खिडकीवरच्या बाईनं. दुसऱ्यांदा नापास झाली तेव्हा फॉर्म द्यायला गेली होती ना, तेव्हा. म्हणाली, बहनजी, गणित छोड़ दो, औरतें चित्रकला ले लेती हैं."

सुखदानं मोबाइल मांडीवर ठेवला. "मग घेतलं काहून नाही?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मुलीच्या तोंडून आपला 'काहून' आलेला जयानं ऐकला. एरवी ती हसली असती. मेथीची काडी ती हातात फिरवत राहिली.

"बाकीचे चारही मी पाठ करून लिहिले, सुखदा," ती शेवटी म्हणाली. "सामाजिक विज्ञानात काय होतं ते आता आठवत पण नाही. पुस्तकातलं उचललं, पेपरात ठेवलं. हा एकच असा होता की मला वाटे, हा माझा आहे. ह्यातलं मला येतं, फक्त त्यांना दाखवता येत नाही. एक दिवस दाखवीन."

"येतं तुला. आई, तुझं बरोबर होतं. गलती मेरी थी, मैंने..."

"तुझी नाही." जयानं तिला पुढे बोलू दिलं नाही. "पुसलं मी. माझा स्वतःवर भरवसा असता तर पुसलं नसतं."

सुखदाचे डोळे भरून आले. जयानं पाहिलं, पण जवळ घेतलं नाही. हात मातीचे होते, आणि समजूत घालायला लागणारं काही त्या दुपारी तिच्यापाशी नव्हतं.

"काढून टाक तो," ती म्हणाली.

"आई, एकदा अजून..."

"काढ."

सुखदानं नाक पुसलं आणि यादी वाचायला घेतली. चित्रकला, मनोविज्ञान, व्यवसाय अध्ययन. "कौन सा?"

"ज्यात पाठ करून भागतं तो."

सुखदानं बोट दाबलं. मोबाइलवर प्रश्न आला, गणित हटवायचं आहे का. तिनं तो आईसमोर धरला. जयानं पदराला बोट पुसलं, 'हो'वर ठेवलं आणि पुन्हा जुडीकडे वळली.

"झालं?"

"हो गया."

"मग ऊठ. कणीक भिजव. बाबा येतीलच आता."

"कितने की?" सुखदानं परातीपाशी जाऊन विचारलं. घरात माणसं तीन, रोजचीच.

जयानं मान वर केली, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "तूच बघ."